जुन्या ब्राँझ अर्धपुतळ्याचे मूळ कसे ठरवावे

खांद्यामागे कोरलेले नाव वाचायचे, ते इंटरनेटवर शोधायचे आणि सापडलेल्या शिल्पकाराच्या खात्यावर पुतळा जमा करायचा, या क्रमाने बहुतेक जण ब्राँझच्या अर्धपुतळ्याचे मूळ ठरवतात आणि बऱ्याचदा चुकतात. चूक नाव वाचण्यात नाही, ते सर्वांत आधी वाचण्यात आहे. एकदा नाव कळले की बैठकीतला बोल्ट, आतली वाळू, कानामागचा जोड हे सगळे नकळत त्या नावाशी जुळवून घेतले जाते. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. पुतळा आधी खालून पाहायचा, मग आतून, मग बाहेरून, आणि नावाकडे बऱ्याच उशिरा वळायचे.

येथे साधारण १८५० ते १९४० या काळातल्या अर्धपुतळ्यांचाच विचार केला आहे. आपल्याकडच्या वाड्यांत, ग्रंथालयांत, शाळांच्या सभागृहांत आणि मुंबईच्या चोरबाजारात जे अर्धपुतळे दिसतात ते बहुधा याच काळातले असतात, किंवा याच काळातले म्हणून विकले जातात. त्यांचे ओतकाम लंडन, पॅरिस, नेपल्स, बर्लिन किंवा मुंबई यांपैकी कुठेही झालेले असू शकते. दक्षिणेतल्या देवमूर्तींची परीक्षा हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याचे नियम येथे लावू नयेत.

कामाला हात घालण्यापूर्वी: प्रश्न एक नाही, चार आहेत

"हा पुतळा कोणाचा?" या प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. चेहरा कोणाचा आहे, मातीतले मूळ प्रतिमान कोणी घडवले, धातूत कोणी आणि कुठे ओतले, आणि हातात असलेली ही विशिष्ट प्रत केव्हा ओतली गेली. चारही उत्तरे वेगवेगळ्या देशांतली आणि वेगवेगळ्या शतकांतली असू शकतात. फ्रेंच शिल्पकार उदाँ (१७४१–१८२८) याने घडवलेला व्होल्तेअरचा चेहरा त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण एकोणिसावे शतकभर पॅरिसच्या ओतशाळांतून बाहेर पडत राहिला. अशा प्रतीवर उदाँचे नाव असते, ते प्रतिमानापुरते खरेही असते, पण ओतकामाला त्याचा हात लागलेला नसतो. वहीच्या एका पानावर चार रकाने आखावेत आणि हाती येणारा प्रत्येक पुरावा यांपैकी कोणत्या रकान्यात बसतो ते तिथल्या तिथे लिहावे. एकाच पुराव्याने चारही रकाने भरायचा मोह झाला की थांबावे.

पायरी १: तयारी

पहिला नियम असा की पुतळा स्वच्छ करू नये. एका गावातल्या ग्रंथालयाने मला त्यांच्या संस्थापकांचा अर्धपुतळा पाहण्यासाठी बोलावले होते. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी तेथल्या सेवकाने मोठ्या निष्ठेने तो चिंच आणि मीठ लावून घासून ठेवला. मी पोहोचलो तेव्हा गाल आणि कपाळ घासलेल्या तांब्यासारखे लखलखत होते, आणि मूळचा गडद तपकिरी थर उरला होता तो फक्त कानामागच्या खाचेत आणि पगडीच्या घड्यांत. जे घासून गेले ते परत आणता येत नाही. लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर, पॉलिशची डबी यांपैकी काहीही नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकणे एवढेच चालेल.

जवळ ठेवायची साधने थोडी आहेत: बारीक झोताची टॉर्च, दंतवैद्याचा लहान आरसा किंवा मोबाइलला जोडता येणारा नळीचा कॅमेरा, लोहचुंबक, वजनकाटा, व्हर्निअर कॅलिपर, बाहेरून माप घेण्याचा मोठा वाकड्या पायांचा कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी आटे मोजण्याची पट्टी, म्हणजे थ्रेड गेज. शिवाय एक जाड गोधडी आणि दुसरा माणूस.

पुतळा हलवण्याआधी आठ बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकात मोजपट्टी दिसू द्यावी. त्यानंतर खोलीत अंधार करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून आणखी काही छायाचित्रे घ्यावीत. समोरून लख्ख उजेडात न दिसणारी पुसट अक्षरे आणि जोडांच्या रेषा अशा तिरप्या प्रकाशात उठून दिसतात.

*इशारा:* अर्धपुतळा मानेला धरून उचलू नये. दगडी बैठकीला जोडणारा बोल्ट बरेचदा गंजलेला असतो, आणि धातू हातात व संगमरवर पायावर असा प्रसंग येतो. एकाने बैठक धरावी, दुसऱ्याने छातीखाली दोन्ही हात घालावेत आणि पुतळा गोधडीवर पाठीच्या बाजूने निजवावा.

पायरी २: मुळात ते ब्राँझ आहे का

हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण तेवढ्यावरच प्रकरण निकालात निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. मात्र तो फक्त एखाद्या ठिकाणी चिकटत असेल, तर ती आतली सळई किंवा खिळा असू शकतो, म्हणून सगळीकडे फिरवून पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त सजावटीसाठी जस्ताचे ओतीव पुतळे करून त्यांवर ब्राँझसारखा रंग किंवा तांब्याचा मुलामा चढवला जाई. बैठकीखालच्या, नजरेआड असलेल्या कडेवर आधीच ओरखडा असेल तर तो भिंगातून पाहावा. पिवळसर-तांबूस चमक दिसली तर ब्राँझ किंवा पितळ, करडी-पांढरी दिसली तर जस्त. नवा ओरखडा काढण्याची गरज सहसा पडत नाही, कारण खालची कड कधी ना कधी घासलेली असतेच.

विजेच्या प्रवाहाने साच्यात तांब्याचा थर चढवून केलेल्या प्रती हा तिसरा प्रकार होय. इंग्लंडमध्ये एल्किंग्टन कंपनीने १८४० पासून विद्युत-मुलाम्याचे तंत्र व्यापारी पातळीवर आणले आणि पुढे याच तंत्राने पुतळ्यांच्या प्रतीही काढल्या. अशा प्रतीची भिंत पातळ आणि एकसारखी असते, आतली बाजू बारीक दाणेदार दिसते आणि मजबुतीसाठी मागे शिसे किंवा कथील ओतलेले आढळते. चौथा प्रकार आजचा आहे. रेझिनमध्ये ब्राँझची पूड मिसळून केलेला पुतळा हाताला थंड लागत नाही, आकाराच्या मानाने हलका असतो आणि टिचकी मारली तर बद्द आवाज देतो.

पाण्यात बुडवून घनता काढण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला असतो, तो पाळू नये. आत मातीचा गाभा, म्हणजे पुतळा पोकळ राहावा म्हणून ओतताना आत ठेवलेला भराव, शिल्लक असेल तर आकडा चुकेल, आणि तो गाभा ओला होऊन पुरावाही जाईल.

पायरी ३: आतली बाजू

सगळ्या तपासणीत सर्वाधिक वेळ येथे द्यावा. बाहेरचा चेहरा ग्राहकासाठी घडवलेला असतो आणि तो फसवू शकतो. आतली बाजू कोणी पाहील अशी ओताऱ्याला अपेक्षाच नसते, त्यामुळे तेथे तो मोकळेपणाने काम करून गेलेला असतो.

आधी ओतकामाची पद्धत ठरवावी. मेणाच्या पद्धतीत साच्याच्या आतून मेणाचा थर दिला जातो, त्यात गाभा भरतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. म्हणून धातूच्या आतल्या बाजूवर मेणाची सगळी चिन्हे जशीच्या तशी उमटतात: ओघळ, ब्रशचे फटकारे, जोडावर दाबलेले मेण, आणि कधी कधी चक्क बोटांचे ठसे. आतला पृष्ठभाग बाहेरच्या चेहऱ्याच्या मागोमाग जातो, म्हणजे नाक बाहेर आले तेथे आत खड्डा असतो. वाळूच्या पद्धतीत धातू दाबलेल्या वाळूच्या साच्यात ओततात आणि गाभा वेगळा घडवून तासलेला असतो. त्यामुळे आतला पृष्ठभाग खरखरीत व ढोबळ असतो, आणि पुतळा बरेचदा अनेक तुकड्यांत ओतून मग जोडलेला असतो. मान, खांदे, पगडी किंवा केसांचा भाग वेगळा असू शकतो. जोड आतून पाहावा. एका भागाची कड दुसऱ्यात बसवून आडव्या खिळ्यांनी ठोकलेली असेल तर ते जुन्या कारखानदारी ओतशाळेचे लक्षण आहे. जोडाच्या जागी वितळलेल्या धातूच्या एकावर एक रचलेल्या नाण्यांसारख्या नीटस लाटा दिसल्या तर ती आर्गॉन वायूच्या वेल्डिंगची खूण असून ते तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहे. अर्थात ती नंतरची दुरुस्तीही असू शकते. एकाच तडकलेल्या जागी वेल्डिंग असेल तर दुरुस्ती समजावी, सगळे मूळ जोडच तसे असतील तर पुतळा उशिराचा.

पद्धतीवरून देश ठरवण्याची घाई करू नये. पॅरिस वाळूच्या ओतकामासाठी प्रसिद्ध होते आणि इटलीत मेणाची परंपरा बळकट होती हे खरे, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये मेणाची पद्धत पुन्हा जोमाने सुरू झाली, आणि लंडनमध्ये ती चालवणाऱ्यांत पार्लांतीसारखे इटालियन ओतारी होते. पद्धत पर्याय कमी करते, उत्तर देत नाही.

त्यानंतर गाभ्याचे अवशेष पाहावेत. नाकाच्या पोकळीत, कानामागे किंवा पगडीच्या टोकात माती, प्लॅस्टर, विटांची पूड यांचे मिश्रण चिकटून राहिलेले असते. ते खरवडू नये, पुढे प्रयोगशाळेला तेच लागते. गाभा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांची भोकेही शोधावीत. बाहेरच्या बाजूला ती धातूच्या छोट्या चकत्या बसवून बुजवलेली असतात आणि तिरप्या प्रकाशात चौकोनी किंवा गोल ठिगळांसारखी दिसतात.

आता बोल्ट. ज्या भोकात तो बसतो त्या ब्राँझमध्ये पाडलेले आटे महत्त्वाचे, कारण बोल्ट कोणीही बदलतो, पुतळ्यातले आटे सहसा कोणी बदलत नाही. थ्रेड गेज लावून एका इंचात किती आटे बसतात ते मोजावे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १२ आटे असतात, अमेरिकी पद्धतीत त्याच जाडीला १३, आणि १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टवर दोन आट्यांमध्ये १.७५ मिलिमीटर अंतर असते. तीन अष्टमांश इंचाला मात्र ब्रिटिश व अमेरिकी दोन्ही पद्धतींत १६ आटे असल्यामुळे त्यावरून भेद करता येत नाही. व्हिटवर्थने आपले प्रमाण १८४१ मध्ये मांडले, त्यामुळे नियमित, यंत्राने पाडलेले तसे आटे त्याआधीचे नसणार हेही कळते.

*इशारा:* व्हिटवर्थचे आटे दिसले म्हणजे पुतळा विलायती ठरला, असे नाही. मुंबईच्या कारखान्यांतही स्वातंत्र्यानंतर मेट्रिक पद्धत येईपर्यंत तेच आटे पाडले जात. उलट, इंग्लंडमधला म्हणून दाखवलेल्या आणि १८९० सालचा म्हणवणाऱ्या पुतळ्याच्या मूळ भोकातच मेट्रिक आटे असतील, तर तेथेच थांबून पुन्हा विचार करावा.

*तपासणी:* पुढे जाण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ओतकामाची पद्धत, तुकड्यांची संख्या, कडेला मोजलेली भिंतीची जाडी तीन ठिकाणी, आणि आट्यांचे माप.

पायरी ४: पृष्ठभाग आणि पॅटिना

ओतून निघालेला पुतळा कच्चा असतो. त्यावर छिन्नी आणि कानस चालवून केस, पापण्या, कापडाची वीण पुन्हा उठावदार करतात. चांगल्या कामात ही हत्यारे कुठे थांबली ते भिंगातून कळते: केसांच्या खोबणीच्या कडा धारदार असतात आणि तळाशी छिन्नीच्या बारीक पायऱ्या दिसतात. सगळ्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर वाटत असतील तर एक तर पुतळा खूप घासला गेला आहे, किंवा तो दुसऱ्या पुतळ्यावरून साचा घेऊन ओतलेला आहे. दोन्हींत फरक करण्याची जागा म्हणजे हात न पोहोचणारे कोपरे. घासलेल्या पुतळ्यात नाक-गाल मऊ होतात, पण कानाच्या आतली वळणे धारदारच राहतात. साच्यावरून साचा घेतलेल्या प्रतीत कानही मऊ असतो.

रंगावरून वय सांगण्याची सवय सोडावी. हिरवे जंगाल म्हणजे प्राचीनता, हा समज विक्रेत्यांना फार उपयोगी पडतो. ब्राँझवरचा तपकिरी, काळा किंवा हिरवा थर, म्हणजेच पॅटिना, ओतशाळेतच गंधकयुक्त क्षार, लोहाचे वा तांब्याचे नायट्रेट आणि उष्णता यांनी काही तासांत चढवला जातो. नेपल्सच्या सोमर आणि किउराझ्झी यांसारख्या कारखान्यांत तर ग्राहकाला आवडेल तो रंग निवडता येत असे: पाँपेईचा हिरवा, हर्क्युलेनियमचा गडद किंवा रेनेसाँसचा तपकिरी. हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात १७५४ मध्ये सापडलेला आणि आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेला, विस्कटलेल्या केसांच्या कृश म्हाताऱ्याचा चेहरा, ज्याला पूर्वी रोमन तत्त्वज्ञ सेनेका समजत, तो या कारखान्यांनी असंख्य वेळा ओतला. तोच चेहरा कोणी "रोमन आहे" म्हणून दाखवला तर आधी खालची कड आणि आतली बाजू पाहावी. कृत्रिम हिरवा रंग खोबणीत बुळबुळीत थरासारखा बसलेला असतो आणि ओल्या कापसाने पुसला तर कधी कधी कापसावर उतरतो. जमिनीत शतकानुशतके राहिलेल्या धातूत गंज आत शिरलेला असतो, तो असा पुसला जात नाही. ही कापसाची परीक्षा बैठकीखालच्या भागावर एकदाच करावी, चेहऱ्यावर नाही.

पायरी ५: अक्षरे, सह्या आणि ठसे

आता नावाकडे वळावे. वाचण्याआधी ते कसे उमटले आहे हे पाहावे. शिल्पकाराची सही बहुधा माती ओली किंवा मेण मऊ असताना काढलेली असते, म्हणून अक्षरांच्या कडा मऊ आणि बाजूला किंचित उचललेल्या दिसतात. ओतल्यानंतर छिन्नीने कोरलेले अक्षर इंग्रजी व्ही आकाराचे, धारदार आणि आतून चकचकीत असते. ओतशाळेचा ठसा थंड धातूवर ठोकलेला किंवा कोरलेला असेल तर त्याच्या कडा तीक्ष्ण असायला हव्यात. ठसाच जर गोलसर, दाणेदार आणि आजूबाजूच्या पृष्ठभागासारखाच ओतीव दिसत असेल, तर तो मूळ पुतळ्यावरून साच्याबरोबर उचलला गेला आहे. हातातली प्रत त्या ओतशाळेत ओतलेली नाही असे मानायला ही एक खूण बहुतेक वेळा पुरेशी असते.

त्यानंतर मजकूर. फ्रेंच "फोंदर" म्हणजे ओतारी आणि "सिर पेर्द्यू" म्हणजे मेणाचे ओतकाम. "देपोझे" हा शब्द नमुन्याची नोंदणी झाल्याचे सांगतो, तो शिल्पकार नव्हे. जर्मन "गेस. गेश." याचा अर्थही नोंदणीकृत एवढाच. इंग्रजीत "मेड इन" किंवा नुसते देशाचे नाव दिसले तर अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले होते हे लक्षात ठेवावे. असा माल बहुधा त्यानंतरचा आणि निर्यातीसाठी काढलेला असतो.

ओतशाळेच्या नावावरून साल काढताना विशेष सांभाळावे, कारण नावे माणसांपेक्षा जास्त जगतात. पॅरिसचा बार्बेदिएन याने यांत्रिक लघुप्रती काढणाऱ्या कोला याच्याशी १८३८ मध्ये भागीदारी केली. १८९२ मध्ये तो वारला, पण त्याच्या पुतण्याच्या हाताखाली कारखाना विसाव्या शतकातही चालू राहिला. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या कामांवर दिसणारा "आलेक्सी र्‍युदिए" हा ठसा तर याहून फसवा आहे. आलेक्सी १८९७ मध्ये वारला, आणि त्याचा मुलगा यूजेन याने १९५२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत वडिलांच्याच नावाचा ठसा वापरला. इंग्लंडमध्ये "ए. बी. बर्टन, थेम्स डिटन" असे असेल तर ती ओतशाळा १९३९ मध्ये बंद झाली, म्हणून ती वरची मर्यादा धरावी. "सिंगर" या फ्रोम गावच्या नावापुढे "मॉरिस" जोडलेले असेल तर प्रत १९२७ किंवा नंतरची. इंग्लिश ओतशाळा अनेकदा ठसा ठोकतच नसत, त्यामुळे ठसा नाही म्हणून "देशी" असे लिहून टाकू नये.

सहीपुढचे साल प्रतिमानाचे असते. ते प्रत ओतल्याचे साल म्हणून लिहिणे ही माझ्या पाहण्यातली सर्वांत सर्रास चूक आहे.

पायरी ६: मापे

साच्यावरून साचा घेतलेली प्रत पकडण्याचा खात्रीचा उपाय मापाचा आहे. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आक्रसते. मूळ ब्राँझवरून साचा घेऊन ओतलेली प्रत म्हणून मूळ ब्राँझपेक्षा तेवढी लहान भरते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कॅलिपरला दिसतो.

एकूण उंची तुलनेसाठी निरुपयोगी आहे, कारण बैठक बदलते आणि छातीची कड कापली जाते. चेहऱ्यातली पक्की मापे घ्यावीत: दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतले अंतर, हनुवटीच्या टोकापासून भुवयांच्या मध्यापर्यंत, कानाची उंची, आणि दोन्ही कानांच्या बाहेरच्या कडांमधली रुंदी. प्रत्येक माप तीनदा घेऊन मधले धरावे. संग्रहालयातल्या ज्ञात प्रतीची हीच मापे विनंती केल्यास बरेचदा मिळतात. तेथे २०० मिलिमीटर असेल आणि येथे १९६, दुसरीकडे ११० आणि येथे १०८, असा सगळीकडे सारख्याच प्रमाणात फरक आला तर प्रत मूळ ब्राँझवरून साचा घेऊन काढलेली आहे. फरक कुठे अधिक, कुठे उणा असेल तर ती मुळात वेगळ्या प्रतिमानावरची असण्याची शक्यता अधिक. आणि सर्व मापे नेमकी निम्मी किंवा दोन-तृतीयांश असतील तर ती अधिकृत यांत्रिक लघुप्रत असू शकते. अशा वेळी कोलाचा गोल शिक्का शोधावा.

पायरी ७: चेहरा आणि वेश

युरोपीय चेहऱ्यांची ओळख छायाचित्रांवरून होते, त्यात फार अडचण येत नाही. आपल्याकडच्या चेहऱ्यांबाबत वेश बोलका असतो. छातीवर बिल्ले असतील तर ते खालची कालमर्यादा देतात: स्टार ऑफ इंडिया हा किताब १८६१ मध्ये, इंडियन एम्पायर १८७८ मध्ये आणि कैसर-ए-हिंद पदक १९०० मध्ये सुरू झाले. बिल्ला आहे म्हणजे प्रतिमान त्याआधीचे नाही. ते व्यक्तीच्या हयातीतलेच आहे असे मात्र नव्हे, कारण असे अर्धपुतळे बऱ्याचदा निधनानंतर वर्गणी काढून केले जात.

यासाठी मी पगडीची मागची बाजू पाहतो. एकच समोरचे छायाचित्र पाठवून दूरच्या शिल्पकाराकडून पुतळा करवून घेतला असेल तर चेहरा हुबेहूब, पण मागून पगडी एखाद्या गुंडाळलेल्या टॉवेलसारखी, कोका चुकीच्या बाजूला झुकलेला आणि उपरण्याची काठ अचानक संपलेली दिसते. ज्याने रोज पगड्या पाहिल्या त्याच्या हातून असे होत नाही. गिरगाव चौपाटीवरच्या रघुनाथ फडके यांनी घडवलेल्या टिळकांच्या पुतळ्याला एक फेरी मारून पगडी सर्व बाजूंनी पाहावी, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. हा पुरावा फक्त दुसऱ्या रकान्याचा, म्हणजे प्रतिमान घडवणाऱ्याचा आहे. मुंबईच्या शिल्पकाराने घडवून विलायतेत ओतून आणलेला पुतळाही असू शकतो.

उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे: मोठे ब्राँझ म्हणजे विलायतेहूनच आलेले. १९२८ मध्ये पुण्यात बसवलेला विनायक करमरकर यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मुंबईत माझगावला ओतला गेला. त्या आकाराचे काम जेथे झाले तेथे अर्धपुतळा सहज ओतला गेला असता.

पायरी ८: कागद

संस्थेच्या मालकीचा पुतळा असेल तर इतिवृत्ते, वर्गणीच्या याद्या, जमाखर्चाच्या वह्या आणि अनावरणाच्या वेळची वृत्तपत्रे पाहावीत. "पुतळा" या शब्दाखाली नोंद सापडली नाही तर "स्मारक फंड", "रेल्वे भाडे", "हमाली", "जकात" अशा खर्चाखाली शोधावे. बंदरातली जकात भरलेली असेल तर माल परदेशातून आला, आणि रेल्वेचे भाडे बोरीबंदरपासूनचे असेल तर निदान शेवटचा टप्पा मुंबईचा होता. घरातल्या पुतळ्याबाबत "आजोबांनी आणला" हा पुरावा नव्हे, शोधाची सुरुवात आहे. आजोबा कोणत्या साली कुठे होते ते आधी लिहून घ्यावे.

*इशारा:* १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले शिल्प पुरावस्तूत मोडते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकांकडे तपासणीसाठी "जरा पाठवून देतो" असे परस्पर ठरवू नये.

पायरी ९: प्रयोगशाळा, गरज असेल तरच

क्ष-किरण प्रतिदीप्ती तपासणीत धातूतले तांबे, कथील, जस्त, शिसे यांचे प्रमाण कळते आणि पुतळ्याला इजा होत नाही. मात्र ती वरच्या थरापुरतीच वाचते. पॅटिनावर धरली तर आकडे पॅटिनाचे येतात, म्हणून खालच्या उघड्या कडेवर आणि निदान तीन ठिकाणी धरावी. रोमन म्हणून दाखवलेल्या पुतळ्यात बरेच जस्त आणि थोडे शिसे निघाले तर संशय घ्यावा. सिलिकॉन ठळकपणे आढळले तर प्रत विसाव्या शतकातली. केवळ मिश्रणावरून "पॅरिस" किंवा "मुंबई" असे उत्तर मात्र कोणतीही प्रयोगशाळा प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, कारण जुने ओतारी भंगार वितळवून वापरत.

मातीचा गाभा शेवटचा केव्हा तापला हे उष्मादीप्ती चाचणीने कळते. प्राचीन की एकोणिसाव्या शतकातला, एवढा फरक तिने सुटतो, १८८० की १९१० हा सुटत नाही. येथे क्रम चुकवू नये: गाभ्याचा नमुना आधी घ्यावा आणि पुतळ्याचे क्ष-किरण चित्र नंतर काढावे. क्ष-किरणांचा मारा गाभ्यात साठलेल्या मात्रेत भर घालतो आणि उष्मादीप्तीचे उत्तर बिघडवतो.

पायरी १०: मत लिहिणे

शब्द मोजून वापरावेत. "अमुक यांचे काम" हे प्रतिमान, ओतकाम आणि कागद तिन्ही जुळले तरच लिहावे. प्रतिमान त्यांचे पण प्रत नंतरची असेल तर "अमुक यांच्या प्रतिमानावरून नंतर ओतलेले". सही आहे पण तिला दुसरा आधार नाही, तर "अमुक यांची सही असलेले". केवळ शैली जुळत असेल तर "अमुक यांच्या धाटणीचे". चारही रकाने भरलेच पाहिजेत असा नियम नाही, आणि कोऱ्या रकान्यापुढे "अनिश्चित" असे स्पष्ट लिहावे. त्या जागी अंदाज लिहिला की पुढच्या पिढीत तो कोणीतरी पुरावा म्हणून उद्धृत करतो.

ज्या ग्रंथालयाचा पुतळा चिंचेने घासला गेला, तेथे तो "विलायतेहून आणलेला" अशीच सर्वांची समजूत होती. त्यांना मी लिहून दिलेले मत असे होते:

"पुरुषाचा अर्धपुतळा, पुणेरी पगडी व उपरणे. ब्राँझ, वाळूच्या पद्धतीने तीन भागांत ओतलेला. पगडी व मान स्वतंत्र, जोड आतून खिळ्यांनी ठोकलेले. बैठकीच्या मूळ भोकात अर्धा इंच, इंचाला १२ आटे. ओतशाळेचा ठसा नाही, सही नाही. पगडीच्या मागच्या घड्या व कोका प्रत्यक्ष पाहून घडवलेले दिसतात. संस्थेच्या जमाखर्चात मुंबईस दिलेल्या 'ओतणावळी'ची नोंद आहे, जकातीची नोंद नाही. व्यक्ती: संस्थेचे संस्थापक, छायाचित्राशी ताडून निश्चित. ओतकाम: मुंबई, बहुतांशी निश्चित. प्रतीचा काळ: ओतणावळीच्या नोंदीचे वर्ष. शिल्पकार: अनिश्चित. पुढे पाहण्याची जागा: त्याच वर्षाच्या वर्गणीदारांच्या यादीतील मानधनाची पाने, जी वाळवीने खाल्ल्यामुळे सध्या उलगडता येत नाहीत. ती कागद-संवर्धकाकडे द्यावीत आणि तोवर पुतळ्याखालच्या नव्या पाटीवर शिल्पकाराचे नाव घालू नये."